उंदीर फुंकर घालून चावतो

स्पायरल बाइंडिंगची ती फाईल परत आली तेव्हा तिचा खालचा कोपरा चावलेला होता. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते : ‘उंदीर नाही.’ माझी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, उंदराने नाही खाल्ली, तर मग कुणी?” दोघी हसलो आणि चहा सांगितला.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. एम.एस्सी.च्या मुलींचे प्रबंध माझ्याकडे असतात आणि दरवर्षी एक काळ असा येतो की माझ्या टेबलावर फक्त अशा फायली दिसतात. त्या कामाला आम्ही टूल व्हॅलिडेशन, म्हणजे प्रश्नावलीची पारख, म्हणतो. मुलीने प्रश्नावली तयार केली, की ती तज्ज्ञांकडे पाठवायची. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते चार आकडे असतात. एक म्हणजे विषयाशी संबंध नाही, दोन म्हणजे बराच बदल हवा, तीन म्हणजे किरकोळ बदल, चार म्हणजे अगदी नेमका. तीन किंवा चार देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण तज्ज्ञ, हा त्या प्रश्नाचा सीव्हीआय, म्हणजे आशय-वैधता निर्देशांक. १९८६ मध्ये मेरी लिन यांनी पाच किंवा त्याहून कमी तज्ज्ञ असतील तर सगळ्यांचं एकमत हवं असं मांडलं. तज्ज्ञ जास्त असले तर थोडी सूट मिळते, आणि आम्ही ०.७८ ची रेघ धरतो. सगळ्या प्रश्नांची सरासरी ०.९० च्या वर गेली की मुलगी पेढे आणते.

या मुलीचा विषय होता मधुमेही माणसाने पायांची घ्यायची काळजी, तोही ग्रामीण भागात. प्रश्न चोवीस, तज्ज्ञ सात. त्यातले सहा आमच्या नेहमीचे : एक फिजिशियन, एक सर्जन, दोन नर्सिंगच्या प्राध्यापिका, एक आहारतज्ज्ञ आणि एक संख्याशास्त्राचे सर. (संख्याशास्त्राच्या सरांना नखं कापण्यातलं काय कळतं, हा प्रश्न मी दरवर्षी मनात विचारते आणि दरवर्षी त्यांना फाईल पाठवते.) सातव्या म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) सिस्टर. मी शिकत असताना माझं ग्रामीण पोस्टिंग त्यांच्याच हाताखाली झालं होतं. त्यांचं नाव मीच सुचवलं होतं.

सहा जणांचा निकाल आठवडाभरात आला. सरासरी ०.९९. एका तज्ज्ञांनी चाराच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच सरळ रेघ ओढली होती, पट्टी न लावता, आणि खाली सही. चोवीस प्रश्नांना एक रेघ. हे मी काही पहिल्यांदाच पाहत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाकुणाच्या फायलींवर घाईत तसंच केलं आहे.

सिस्टरांनी चार प्रश्नांना एक आणि दोन दिले होते. मुलीने हिशेब केला : सरासरी ०.९७. त्या चारही प्रश्नांना बाकी सहा जण अनुकूल, म्हणजे सातात सहा, ०.८६. रेघेच्या वरच. “मॅडम, काही बदलायला नको,” ती म्हणाली. गणिताने तिचं बरोबरच होतं. पण सातपैकी ज्या एकीने तीस वर्षं खेड्यातल्या माणसांचे पाय हातात घेऊन पाहिले, तिचंच मत भागाकारात विरून गेलं होतं. मला ते खटकलं. शनिवारी मुलीला घेऊन मी सिस्टरांच्या गावी गेले.

“आलीस का, ये,” सिस्टर म्हणाल्या. “फाईल नातवानं चावली गं, दात येतायत त्याला.”

म्हणजे कोपऱ्याचा उलगडा झाला. “मग ‘उंदीर नाही’ म्हणजे काय?”

“तुमच्या कागदात उंदीर नाही. कुठंच नाही. दोनदा वाचला मी.”

आधी त्यांनी चार प्रश्नांची खबर घेतली. ‘पादत्राणे परिधान करण्यापूर्वी आतील भागाचे परीक्षण करता का?’ या प्रश्नाला त्यांनी एक दिला होता. “आत म्हणजे कुठं? चपलेला आत असतं का? बूट घालून कोण येतंय तुझ्याकडं? चपलेच्या तळातून खिळा, बाभळीचा काटा वर आलाय का, ते विचार.” नखं सरळ कापता का, याला दोन. “डोळ्यांनी दिसत नाही त्याला, तो काय कापणार? कोण कापतं ते विचार. सून कापती, ब्लेडनं.” पाणी पायावर घेण्याआधी कोपराने तपासता का, हा प्रश्न मात्र त्यांना फार आवडला होता. बंबातलं कढत पाणी पायावर ओतून घेतलेले आणि कातडी सुटेपर्यंत न कळलेले त्यांनी पाहिले होते.

मग उंदीर. एक आजोबा त्यांच्याकडे ड्रेसिंगला यायचे. अंगठ्याची जखम भरत आली की पुन्हा नवी. विचारलं तर म्हणायचे, ठेच लागली असेल. एकदा त्यांची सून म्हणाली की सकाळी गोधडीला रक्त असतं. सिस्टर संध्याकाळी घरी गेल्या. आजोबा खाली अंथरुणावर झोपत, उशाला नव्हे, पायथ्याशी ज्वारीची पोती. “मी त्यांना म्हटलं, अहो, उंदीर खातोय तुमचा अंगठा. तर म्हणतात, असेल, उंदीर फुंकर घालून चावतो, कळत नाही.”

मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. माझी आजीसुद्धा म्हणायची. आमच्या ओपीडीत दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, तळपायावर वाकेपर्यंत दाबला तरी पेशंट विचारतो, “लावला का?” ज्याला तो धागा कळत नाही त्याला दात तरी कसा कळणार? पण त्याच्याकडे कारण तयार असतं. फुंकर. साखरेने पायाच्या नसा गेल्यात अशी शंका यायची जागाच ती म्हण भरून टाकते. मधुमेही पायाला उंदीर चावणं ही डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट आहे. आमच्या सहा तज्ज्ञांपैकी निदान दोघांना नक्की ठाऊक असणार. पण आम्ही त्यांना जे कागदावर आहे तेवढ्यालाच आकडा द्यायला सांगितलं होतं. कागदावर जे नाही त्याला आकडा कुठे देणार? ‘काय सुटलं आहे?’ असा रकानाच फाईलमध्ये नव्हता. तो आता माझ्या प्रत्येक फाईलमध्ये पहिल्या पानावर असतो.

परतीच्या एसटीत मुलगी रडवेली झाली होती. तारीख जवळ आली होती. तरी तिने चार प्रश्न बदलले, एक नवा घातला : ‘रात्री झोपेत पायाला उंदीर चावल्याचे सकाळी लक्षात आले, असे कधी झाले आहे का?’ दुसरी फेरी गेली. बदललेले चारही प्रश्न एकमताने पास झाले. उंदराला सातात पाच. ०.७१. एका प्राध्यापिकांनी शेरा दिला, ‘हे वर्तन नाही, घटना आहे.’ संख्याशास्त्राच्या सरांनी लिहिलं, ‘अप्रस्तुत.’

नियमाने तो काढायला हवा होता. प्राध्यापिकांचा मुद्दा पटण्यासारखा होता. काळजी मोजायच्या प्रश्नांत घटना घातली की गुण कशाला द्यायचे ते कळेना. म्हणून आम्ही तो गुणांतून काढला आणि पहिल्या पानावरच्या वैयक्तिक माहितीत नेला, जिथे वय, शिक्षण, मासिक उत्पन्न असतं. त्याच्याशेजारी आणखी एक : ‘झोपण्याची जागा : कॉट / जमिनीवर.’ ही थोडी पळवाट होती, मला मान्य आहे.

प्रबंधाच्या परिशिष्टासाठी तज्ज्ञांची यादी टाइप करताना ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, “मॅडम, या सातव्यांची पीजी डिग्री काय टाकू?”

“एएनएम टाका,” मी म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाकलं.

पायलटच्या, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या जणांवर करून बघण्याच्या, पहिल्या दिवशी मी मुलीसोबत गेले. पहिल्याच बाई ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. वय, शिक्षण, उत्पन्न झालं. झोपायची जागा?

“खालीच की. पोत्यांपाशी.”

पोत्यांसाठी रकाना नव्हता. मुलीने ते समासात लिहून घेतलं.