सिंगल बेल, डबल बेल

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. ही विद्या नातीच्या कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

चिमी पाच वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर नीट ताबा नाही. समजतं सगळं, शब्द तेवढे फुटत नाहीत. सूनबाईनं मोबाइलवर जेलो नावाचं ॲप घेतलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, फुकट, मराठी बोलणारं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. मग आम्ही सगळे पोरीच्या मागंच लागलो. "चिमे, पाणी कुठंय? दाखव बघू!" चार दिवसांत फोन दिसला की ती मान फिरवायला लागली. समोर तांब्या असताना मला कुणी दहादा असं विचारलं, तर मी तरी काय करीन?

मला वेगळीच धास्ती होती. बटण बोलतंय म्हटल्यावर पोर जीभ कशाला हलवेल? सूनबाईनं अशा साधनांवरच्या अभ्यासांच्या 2006 सालच्या एका आढाव्यातलं वाचून दाखवलं. नीट तपासलेल्या 27 जणांत एकाचंही बोलणं घटलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. मी गप्प बसलो.

स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, "परीक्षा बंद करा, खेळा. आणि आधी तुम्ही दाबा. तिनं दाबलंच पाहिजे असं नाही." त्यांनी आवाज भरता येणारी दोन मोठी बटणं दिली. लाल बटणात मी "थांबा!" भरलं, पिवळ्यात "चला, डबल बेल!" अगदी सांगली स्टँडवरच्या आवाजात.

जेवणाच्या खुर्च्यांची गाडी केली. चिमी तिच्या खुर्चीत पुढं, हाताशी बटणं. आजी प्रवासी, मी ड्रायव्हर. सांगली-कोल्हापूर. पहिले तीन दिवस बटणं मीच दाबली. अंकली, थांबा. जयसिंगपूर, थांबा. ती नुसती बघायची. चौथ्या दिवशी अंकलीच्या आधीच लाल बटण वाजलं. मी कचकन ब्रेक मारला, आजी पुढं कलंडली (नाटक हो, पण झकास केलं), आणि चिमी खदखदून हसली. त्यानंतर ती गाडी हातकणंगल्याला काही पोचेना. चला, थांबा, चला, थांबा. माझे गुडघे बोलायला लागले, पण थांबायचं म्हटल्यावर थांबायचंच, हा नियम पाळला.

पुढं जयसिंगपूरच्या थांब्यावर भडंगाचं चित्र चिकटवलं. ते मात्र आजीनंच जास्त वापरलं.

गेल्या आठवड्यात लाल बटण फिजिओथेरपीला बरोबर नेलं होतं. बाई चिमीचा पाय ताणत होत्या. एकदम आवाज आला, "थांबा!" बाईंनी हात काढला आणि माझ्याकडं रागानं पाहिलं. मी म्हटलं, "मी नाही हो, ती बोलली."