नायट्रो गाडीसाठी परवडणारी टेम्परेचर गन: तीन रविवारांची नोंद

माझी बग्गी म्हणजे रिमोटवर चालणारी, नायट्रो इंधनाची १:१० मापाची छोटी गाडी आहे. इंजिन .१८ चे, म्हणजे साधारण ३ सीसीचे असून त्याचे हेड, म्हणजे वरचे झाकण, रंग न दिलेल्या चकचकीत अॅल्युमिनियमचे आहे. हेडचा हा चकचकीतपणा पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. आजवर मी इंजिन धुरावरून, आवाजावरून आणि हेडवर टाकलेला पाण्याचा थेंब किती वेळात चुरचुरून उडतो यावरून ट्यून करत आलो. थेंब तीन-चार सेकंद टिकला तर ठीक आणि पडताक्षणी उडाला तर इंजिन फार तापले, एवढा त्याचा हिशेब असतो. मात्र पुण्यात जानेवारीच्या सकाळी बसवलेली कार्बुरेटरची सुई (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) एप्रिलच्या दुपारी चालत नाही आणि फरक नेमका किती पडला हे थेंब सांगत नाही. म्हणून न टेकवता तापमान मोजणारी टेम्परेचर गन घ्यायचे ठरवले.

घरात करोनाकाळातली कपाळावर धरायची गन होतीच, पण ती आपल्या कामाची नाही. ती माणसाच्या अंगाच्या तापापुरतीच, साधारण ३२ ते ४३ अंशांपर्यंत मोजते आणि इंजिन त्याच्या कितीतरी वर असते. ग्लो प्लगपाशी (हेडमधला, तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) सर्वसाधारणपणे ९५ ते १३० अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असते. त्यामुळे ३८० अंशांपर्यंत मोजणारी साधी औद्योगिक गन पुरेशी होते आणि ती मला हजार रुपयांच्या आत मिळाली. घेताना मी सर्वांत जास्त लक्ष अंतर आणि ठिपका यांच्या प्रमाणाकडे दिले. १२:१ प्रमाणाची गन १२ सेंटिमीटरवरून सुमारे १ सेंटिमीटर रुंदीचा भाग पाहते, तर १:१ प्रमाणाची खिशातली छोटी गन तितक्याच अंतरावरून हेडबरोबर चेसिस आणि जमीनही मोजून सगळ्यांची सरासरी दाखवते.

पहिल्या रविवारी गाडी पूर्ण वेगाने चार फेऱ्या पळवून आणली आणि लगेच हेडवर गन धरली. आकडा आला ८४. इंजिन थंड आणि रिच आहे, म्हणजे त्याला इंधन जास्त मिळते आहे, असे समजून मी मुख्य सुई अष्टमांश फेरी आत घेतली, आणि पुढच्या फेऱ्यांनंतर पुन्हा तेवढीच घेतली. तेव्हा गनवर ९७ दिसत होते, पण मागचा धूर जवळजवळ दिसेनासा झाला होता. धुराचा तो इशारा मी आकड्यापुढे कमी लेखला. सरळ पट्ट्यावर इंजिन एकाएकी बंद पडले. प्लग काढून पाहिला तर आतली तार चेपून एका बाजूला गेली होती. इंजिन वाचले याचे आजही हायसे वाटते.

दुसरा रविवार मैदानाऐवजी स्वयंपाकघरात गेला. स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळले आणि पातेल्याच्या बाहेरच्या बाजूवर, पाण्याच्या पातळीच्या खाली, गन धरली तर ती ४६ दाखवू लागली. त्याच जागेशेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरली तर ९६. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे गन खरी होती आणि गैरसमज माझा होता. स्वस्त गनमध्ये एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभागाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, ०.९५ ला कायमची बांधलेली असते. चकचकीत धातूची ती फार कमी असते आणि अशा धातूत गनला बरेचसे आजूबाजूचे प्रतिबिंबच दिसते. एमिसिव्हिटी बदलता येणारी महाग गन घेतली असती तरी, माझ्या मते, प्रश्न पुरता सुटला नसता, कारण तेलाचा थर आणि धूळ यांच्यानुसार हेडचा पृष्ठभाग प्रत्येक टाकीगणिक बदलतो.

लेझरचा ठिपका फसवतो, हे त्याच संध्याकाळी कळले. इंधनापासून दूर, भिंतीसमोर ५ सेंटिमीटरवर गन स्थिर धरली आणि पेटत्या उदबत्तीचे टोक हळूहळू तिच्यासमोरून नेले. लेझरच्या लाल ठिपक्यावर टोक असताना आकडा जेमतेम हलला, पण दीड सेंटिमीटर खाली आल्यावर एकदम चढला. म्हणजे जवळून मोजताना भिंग लेझरच्या खाली पाहते. मी लाल ठिपका प्लगवर धरत होतो आणि मोजत होतो हेडच्या बाजूच्या, हवेने थंड होणाऱ्या पात्या.

तिसऱ्या रविवारच्या आधी दुचाकीच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक मॅट काळा रंग आणला, हेड तेलमुक्त केले आणि प्लगच्या बुडाशी नखाएवढा पातळ ठिपका दिला. पहिल्यांदा घाई झाली. रंग नीट वाळून तापण्याआधीच त्यावर इंधन सांडले आणि इंधनातल्या मिथेनॉलने तो विरघळवला. दुसऱ्यांदा दोन दिवस वाळू दिला आणि पहिली टाकी हळू चालवून रंग भाजून घेतला.

नवा प्लग टाकला आणि सुई पूर्वीच्या रिच जागी परत आणली. गाडी थांबवताच, हवा बंद झाल्यावर तापमान चढू लागण्याआधी, वरून सरळ आणि नेहमी ५ सेंटिमीटरवरूनच मोजले. काळ्या ठिपक्यावर ११२ आणि शेजारच्या उघड्या पातीवर ८१. पहिल्या रविवारचे ९७ प्रत्यक्षात १३० च्या पुढचे असणार, हे त्यावरून उघड झाले. मागे निळसर धुराची रेघ स्पष्ट होती. टाकी संपेपर्यंत तीनदा मोजले आणि ११०, ११४, ११३ असे आकडे आले. बाहेर ३४ अंश होते तेही वहीत शेजारी लिहिले आहे, आणि पावसाळी हवेत हाच ठिपका काय दाखवतो ते जुलैमध्ये याच पानावर लिहीन.