हात लावण्याआधी

गुरुवार, रात्र

ब्यूटी पार्लरच्या कोर्समध्ये आज थ्रेडिंगला, म्हणजे दोऱ्याने केस काढायला, पोटरीवरून चेहऱ्यावर आलो. आतापर्यंतचा सराव स्वतःच्या पायावर होता, आज शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीच्या भुवया. दोऱ्याचं एक टोक दातांत, फास दोन्ही हातांत आणि मध्ये पाच-सात पीळ. एका हाताची बोटं उघडली की पीळ पलीकडे सरकतो आणि वाटेतला केस पकडून मुळासकट ओढतो. एवढंच सगळं तंत्र, पण ते डोळ्यापासून बोटभर अंतरावर चालवायचं. क्लायंटने एका हाताने पापणी खाली आणि दुसऱ्याने कपाळ वर ताणून धरायचं असतं. कातडी सैल राहिली तर केसाऐवजी तीच पिळात सापडते.

त्याआधी आकार ठरवायचा. नाकपुडीच्या कडेला पेन्सिल उभी धरली की ती भुवईला जिथे टेकते तिथे सुरुवात. तीच पेन्सिल तिरकी करून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून नेली की कमानीचा उंच भाग, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की शेवट. हे माप मला फार आवडलं, कारण त्यात फॅशन कमी आणि समोरच्या माणसाचा चेहरा जास्त आहे. पण प्रत्येक चेहऱ्याच्या दोन बाजू थोड्या वेगळ्या असतातच, म्हणून पेन्सिल खाली ठेवून आरशात पाहावंच लागतं.

दोरा हातात घेण्याआधी मॅडम आम्हाला प्रश्न विचारायला लावतात. मुरुमांसाठी काही लावता का? रेटिनॉइडचं (‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं, मुरुमांवर वापरतात ते औषध) क्रीम किंवा गोळ्या चालू आहेत का? मधुमेह आहे का? नुकतंच उन्हाने भाजलंय का? वर्गात काहींना याचा कंटाळा येतो, त्यांना कधी एकदा हात चालवतो असं होतं. मला मात्र या कोर्समधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण हेच वाटतं. रेटिनॉइडने त्वचेचा वरचा थर नाजूक होतो, त्यावर वॅक्सची पट्टी ओढली तर केसांबरोबर सालही निघून येऊ शकते. पट्टी ओढणाऱ्या हाताला हे वरून दिसत नाही. विचारल्यावरच कळतं.

हेअर कलरची पॅच टेस्टही तशीच. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास थांबायचं. गडद रंगांत बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायमीन नावाचं रसायन असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असं नाही. शरीर आधी ते ओळखायला शिकतं, मग कधीतरी चिडून उठतं. म्हणूनच “मी नेहमी लावते, मला काही होत नाही” एवढ्यावर टेस्ट सोडायची नाही. दोन दिवस थांबायला सांगितलं तर क्लायंट दुसरीकडे जाईल, ही भीती खरी आहे. तरी सांगायचंच. माझं यावर पक्कं मत झालंय.

स्वच्छतेच्या तासाला वही भरून गेली. धुणं, जंतू मारणं आणि पूर्ण निर्जंतुक करणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिलं नीट झालं नाही तर पुढची दोन्ही वाया, कारण मळाखाली औषध पोचतच नाही. धातूची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत, निदान 15 मिनिटं. अल्कोहोल 70 टक्क्यांचं चांगलं, शुद्ध अल्कोहोलपेक्षाही, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. आणि वॅक्सच्या डब्यात वापरलेली स्पॅट्युला पुन्हा बुडवायची नाही, घाई कितीही असो.

दुपारी मॅडमनी सांगितलेलं अजून डोक्यात घोळतंय. स्वतःचं डोकं मागून कुणालाच दिसत नाही. केसांचे भाग पाडताना टाळूवर रुपयाएवढा गुळगुळीत, केस नसलेला गोल दिसला तर ती चाई असू शकते. मानेवर कडेला लाल आणि मधे फिकट असं खवल्यांचं वर्तुळ दिसलं तर नायटा. बऱ्याचदा घरच्यांच्याही आधी ते केस कापणाऱ्याच्या नजरेस पडतं. आपण आजाराचं नाव सांगायचं नाही, कारण निदान हे आपलं काम नाही. हलक्या आवाजात, बाजूच्या खुर्चीला ऐकू जाणार नाही असं सांगायचं, “ताई, इथे मागे जरा वेगळं दिसतंय, एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.” नायट्यासारखं पसरणारं काही असेल तर त्या दिवशी काम थांबवायचं, तेही अवघडू न देता. आम्ही दोघीदोघींनी हे वाक्य बोलून पाहिलं. थ्रेडिंगपेक्षा अवघड गेलं. कुणी सूर चढवला, कुणी घाबरवून सोडलं. पण हेही हाताच्या कामाइतकंच घोटून घ्यायला हवं. माणूस डोळे मिटून, मान मागे टाकून आपल्या खुर्चीत बसतो, तेव्हा आपल्याला दिसलेलं त्याला सांगणं हे आपल्यावरच असतं.

फेशियलबद्दलही मी असंच बोलणार आहे. त्वचेचा वरचा थर नव्याने यायला तरुणपणी साधारण 28 दिवस लागतात, वयाबरोबर त्याहून जास्त. एका बैठकीत चेहरा ताजा दिसतो, मसाजने रक्त खेळतं, मृत पेशी निघतात. रंग बदलत नाही, आणि बदलायला काही बिघडलेलंही नसतं.

उद्या मॅनिक्युअर. कटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेलं पातळ कातडं, कापायचं नाही, कोमट पाण्यात मऊ करून अलगद मागे ढकलायचं. नखाच्या मुळाशी जंतूंना तेच अडवून धरतं. माझ्या क्लायंट कार्डावर रात्रीच एक रकाना वाढवून ठेवते: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? हा प्रश्न छापील कार्डात नाही, उद्या मॅडमना दाखवून विचारीन.