एएस/४००ची हौस: नव्या फाइलीत जुने रेकॉर्ड

मागच्या नोंदीपर्यंत एएस/४०० या आयबीएमच्या संगणकावर माझ्या दिवाळी अंकांच्या संग्रहाची फिजिकल फाइल, म्हणजे प्रत्यक्ष डेटा ठेवणारी फाइल, उभी राहिली होती. क्रमांक, नाव, वर्ष, किंमत. ६१२ रेकॉर्ड हाताने भरले, नावं सध्या रोमन लिपीत. मग लक्षात आलं, संपादकाचं नाव राहिलंच! शिवाय किंमत क्रमांकाला लागून दिसली तर मला सोयीची. म्हणून नवी डीडीएस, म्हणजे फाइलीतल्या रकान्यांची (फील्डची) व्याख्या, लिहिली, किंमत नावाच्या आधी आणली, संपादक शेवटी जोडला आणि दुसऱ्या लायब्ररीत (फोल्डरसारखा कप्पा) नवी फाइल बनवली. आता फक्त जुने रेकॉर्ड तिकडे न्यायचे होते. त्याला तीन रविवार लागले.

पहिल्या रविवारी साधं सीपीवायएफ, म्हणजे फाइल कॉपी करायची आज्ञा, दिलं. सीपीएफ२८१७ हा चुकीचा संदेश येऊन कॉपी थांबली. एफएमटीओपीटी हा फॉरमॅट कसा जुळवायचा ते सांगणारा पर्याय दिला नाही तर दोन्हीकडचा रेकॉर्ड फॉरमॅट, म्हणजे फील्डची रचना, सारखाच लागतो. एफ४ दाबून पर्याय पाहिले आणि नोचेक निवडला. कॉपी विनातक्रार झाली, आकडाही बरोबर ६१२. पण आरपीजी भाषेतला माझा छोटा प्रोग्रॅम पहिल्याच रेकॉर्डवर अडला. जॉबलॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, एमसीएच१२०२, म्हणजे डेसिमल डेटा एरर: आकड्याच्या जागी आकडा नाही.

डीएसपीपीएफएम या फाइलीतला डेटा दाखवणाऱ्या आज्ञेत हेक्स (प्रत्येक बाइट दोन चिन्हांत) उघडून बसलो, आणि ही संध्याकाळ मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. नोचेक फील्डची नावं बघतच नाही, डावीकडून उजवीकडे बाइट ओततो. क्रमांकाचे ३ बाइट दोन्हीकडे एकाच जागी, ते नीट बसले. त्यापुढे नव्या फाइलीत किंमत आहे, ७ अंकी पॅक्ड (अर्ध्या बाइटात एक अंक), म्हणजे चिन्हासकट ४ बाइट. त्यांत जुन्या नावाची पहिली चार अक्षरं जाऊन बसली. पॅक्ड आकड्यात शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा असतो, एफ धन आणि डी ऋण. एब्सिडिकमध्ये, म्हणजे या यंत्राच्या अक्षर-संकेतात, मोठं रोमन 'ए' म्हणजे सी१, 'जे' म्हणजे डी१, 'एस' म्हणजे ई२. कुठलंही अक्षर घ्या, शेवटच्या अर्ध्या बाइटात १ ते ९ यांपैकीच अंक येतो. रिकामी जागा घेतली तरी ४०. म्हणजे नावाचा एकही तुकडा वैध किंमत होऊच शकत नव्हता. मशीनने बरोबर जागी आरडाओरड केली होती.

दुसऱ्या रविवारी एफएमटीओपीटीत मॅप आणि एमबीआरओपीटीत रिप्लेस, म्हणजे आधीचे रेकॉर्ड काढून त्या जागी नवे. फील्ड नावाने जुळले, संपादक रिकामा राहिला, किमती जागच्या जागी. जुन्या फाइलीत एखादं फील्ड जास्तीचं असतं तर ते गाळण्यासाठी मॅपसोबत ड्रॉपही द्यावं लागलं असतं. आणखी एक लक्षात ठेवा: सीपीवायएफचा कॉम्प्रेस हा पर्याय मुळातच 'येस' असतो, त्यामुळे पुसलेल्या रेकॉर्डच्या रिकाम्या जागा कॉपीत येत नाहीत आणि पुढच्या रेकॉर्डचे फाइलीतले जागा-क्रमांक सरकतात. मी त्या जागा-क्रमांकावरून रेकॉर्ड शोधत नाही, म्हणून मला चाललं.

तिसरा रविवार महागात पडला. सरावासाठी तिसऱ्या लायब्ररीत अख्खा संच हवा होता, म्हणून सीआरटीडीयूपीओबीजे, म्हणजे वस्तूची प्रत काढायची आज्ञा. आधी वर्षवार लॉजिकल फाइल (फिजिकलमधला डेटा वर्षाच्या क्रमाने दाखवणारी) नेली, मग फिजिकल. दोन्ही नेल्या म्हणून निश्चिंत होऊन सरावाच्या लॉजिकलमधून वीसेक किमती बदलल्या. मूळ फाइल, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतली, उघडली तर बदल तिथे! लॉजिकल फाइलीत स्वतःचा डेटा नसतोच. ती नेली तेव्हा नव्या लायब्ररीत फिजिकल नव्हती, त्यामुळे ती मूळ फिजिकललाच बांधलेली राहिली. आधी फिजिकल नेली असती तर त्याच नावाची आणि त्याच फॉरमॅटची फाइल नव्या लायब्ररीत सापडून लॉजिकल तिलाच जोडली गेली असती. डीएसपीडीबीआर, म्हणजे फाइलीवर कोण अवलंबून आहे ते दाखवणारी आज्ञा, मूळ फाइलीवर चालवलं की तिसऱ्या लायब्ररीतली लॉजिकल यादीत सरळ दिसते. बदल करण्याआधी हे चालवायला हवं होतं.

पहिली जुनी फाइल पुसली नव्हती आणि संपादकांची नावं अजून भरली नव्हती, म्हणून पुन्हा मॅप-रिप्लेस करून सगळं जागेवर आलं. नंतर सरावाची लॉजिकल पुसून ती योग्य क्रमाने परत नेली. आता डीएसपीडीबीआर स्वच्छ आहे.

आठवणीसाठी: एएस/४०० हे यंत्र अमेरिकेतल्या रॉचेस्टर, मिनेसोटा इथून १९८८ साली आलं आणि त्याची प्रणाली आज आयबीएम आय म्हणून चालते. क्रियेपुढे वस्तू जोडून बनलेली आज्ञांची नावं एकदा अंगवळणी पडली की नवी आज्ञा अंदाजाने सापडते, हे मला फार आवडतं.

पुढच्या रविवारी सीपीवायटीओआयएमपीएफ या बाहेर काढणाऱ्या आज्ञेने यादी यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सीसीएसआयडी (अक्षर-संकेताचा क्रमांक) १२०८मध्ये, आयएफएसवर, म्हणजे यंत्राच्या साध्या फोल्डर-फाइलींच्या भागात, काढायची. अंकांची नावं तिथेच देवनागरीत लिहून १२०० सीसीएसआयडीच्या (यूटीएफ-१६) फील्डमध्ये परत आणायची आहेत. त्या फील्डची डीडीएस लिहून कंपाइल झाली आहे.