उजवा कौल

बेळगाव जिल्ह्यातलं जांबोटी सोडून कणकुंबीच्या दिशेनं निघालं की एका वळणावर शेंदूर फासलेला धोंडा लागतो. बसचा ड्रायव्हर स्टेअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावतो, दुचाकीवाले हॉर्न मारतात, पायी जाणारा शेजारच्या झुडपाची एक डहाळी मोडून त्याच्यापुढं टाकतो. हा कोणता देव म्हणून विचारावं, तर उत्तर मिळतं, ‘हितलाच की!’ नाव नाही, जन्मकथा नाही, आरती नाही. तरी त्याच्याकडं न बघता सरळ पुढं जायची छाती फारशी कुणाची होत नाही. माझीही होत नाही, आणि मी स्वतःला बऱ्यापैकी नास्तिक समजतो.

खानापूरच्या या रानात अस्वलं आहेत. तिन्हीसांजेला झुडूप हललं की माणूस आधी थबकतो, विचार मागाहून करतो. धर्म कुठून आला याचा शोध घेणारे स्ट्युअर्ट गथ्री, जस्टिन बॅरेट यांच्यासारखे अभ्यासक नेमके इथूनच सुरू करतात. वाऱ्यानं हललेल्या झुडपात ज्याला अस्वल दिसलं त्याची फार तर फजिती झाली. अस्वलानं हललेल्या झुडपात ज्याला वारा दिसला तो घरी परतलाच नाही. आपण सगळे त्या फजिती झालेल्यांचे वंशज. त्यामुळं हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागं कुणीतरी हलवणारा असावा असं आपल्याला वाटत राहतं. पावसामागं, पटकीमागं, तान्हं पोर दगावण्यामागंसुद्धा. आणि हलवणारा असला की त्याला नारळ देऊन राजी करता येईल, हे ओघानं आलंच.

हा युक्तिवाद मला आवडतो, पण त्यानं प्रकरण मिटतं असं वाटत नाही. अस्वलाचा भास होतो, एवढ्यावरून रानात अस्वल नाही असं ठरत नाही. या रानात तर आहेच. भास का होतो हे कळलं की भासामागं काही आहे की नाही हाही प्रश्न सुटला, असं समजणारे माझे नास्तिक मित्र जरा घाई करतात. आता हेही मान्य, की अस्वल वारुळं फोडून ठेवतं, चिखलात पाऊल उमटवतं, वन खात्याच्या कॅमेऱ्यात सापडतं. देवानं असा माग सोडलेला नाही. सोडला असेल तर तो आधीच हात जोडून उभ्या असलेल्यांनाच दिसतो.

माग काढायची आमच्या गावची रीत म्हणजे कौल. गुरव मूर्तीवर पाणी घालतो आणि ओल्या दगडावर उजव्या-डाव्या अंगाला एकेक पाकळी चिकटवतो. मग गाऱ्हाणं. त्यात गावच्या शिवेपासून गोठ्यातल्या वासरापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी मुद्दा येतो : ही सोयरीक करावी का, विहीर इथं पाडावी का. सगळे गप्प. समईच्या उजेडात पाकळीची कड आधी जराशी वळते, मग पाकळी अर्धं बोट खाली घसरते आणि पुन्हा अडते. बायकांचे हात तोंडावर जातात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दोन्ही चिकटून बसल्या तर गुरव देवाशी चक्क हुज्जत घालतो, ‘का अडवून धरलास? काय चुकलं असंल तर सांग की!’

गुरवमामांना मी एकदा म्हटलं, ‘मामा, पाणी सुकलं की पाकळी पडणारच. जिकडं आधी सुकंल तिकडची आधी.’

त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. ‘जाड पाकळी लावली तर लगीच पडती, म्हणून मी पातळ बघून लावतो. तेवढं मला बी कळतंय रे. खरं कुठलं पाणी आधी सुकायचं, ते पाण्याला कुणी सांगितलं?’

योगायोगानं, असं म्हणता आलं असतं. पण तेव्हा ते तोंडातून निघालं नाही, आणि निघालं असतं तरी मामांचं समाधान झालं नसतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली भुकेल्या कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात ठरावीक वेळानं दाणे पडत. कबूतर काय करतंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी दाणे पडण्याआधी जो जे करत होता तो तेच पुन्हा पुन्हा करू लागला. एक गोल फिरायला लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं घालायला लागलं. वाचून हसू आलं, आणि परीक्षेला निघताना हातावर दही घेणारा मी आठवलो. पण कबुतराचा धर्म त्या एका कबुतरापुरता. त्यांनी कमिटी नेमली नाही, वर्गणी काढली नाही, ‘तू उलटा का फिरतोस’ म्हणून शेजारच्या पिंजऱ्यातल्याला वाळीत टाकलं नाही. माणसाचा धर्म तिथून पुढं सुरू होतो.

कौलाचं खरं कामही तिथंच दिसतं. बांधावरून दोघे भाऊ भांडत असले आणि पंचांनी निकाल दिला, तर हरलेला जन्मभर पंचांशी बोलत नाही. पाकळीशी वैर धरता येत नाही. दोघे नारळ फोडून घरी जातात, आणि घरात बायकोला सांगायला तोंड राहतं, ‘मी कुठं ऐकलो, देवानं दिलं त्याला.’ गुरवमामांच्या लेखी ही देवाची कृपा, माझ्या लेखी माणसाची हुशारी. समाज देवाच्या रूपानं स्वतःलाच पुजतो, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांचं म्हणणं. देवळाचा कारभार बघणाऱ्या आमच्या देवस्की पंचांची एखादी बैठक त्यांना बघायला मिळाली असती, तर समाज देवाच्या निमित्तानं स्वतःशीच कसा भांडतो हेही त्यांनी लिहिलं असतं.

‘देव खरा की माणसानं केलेला’ हा प्रश्न सगळ्यांना सारखा लागूही पडत नाही. निपाणीकडचा एक जैन मित्र आणि मी बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जैन मंदिरात उभे होतो. बस्ती रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. मंडपाच्या छतावर दगडी कमळ असं कोरलंय की मान अवघडेपर्यंत बघत राहावं. मी त्याला डिवचलं, ‘तुमचा देव तरी ऐकतो का?’

‘ऐकत न्हाई की. आमच्यात जग कुणी केलंच न्हाई, ते हायेच. आणि नेमिनाथ भगवान मोक्षाला गेले, ते कशाला माझ्या उसाच्या बिलात लक्ष घालतील?’

‘मग हात कशाला जोडतोस?’

‘हितं काय मागायचं नसतंय म्हणून. बँकेत मागून आलो, कारखान्यात मागून आलो. हितं बरं वाटतंय.’

निर्माताच नसलेला धर्म अडीच हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, उपासतापास, यात्राजत्रा सगळ्यासकट.

आणि माणसानं केलं म्हणजे खोटं, हे सीमाभागातल्या माणसानं तरी म्हणू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांच्या पुनर्रचनेत, कागदावर सीमेची एक रेषा आली. ती कुठल्या शेतात दिसत नाही, म्हैस ती ओलांडताना थबकत नाही. पण तिच्यामुळं जमिनीच्या उताऱ्याची भाषा बदलली, बसवरच्या पाट्या बदलल्या, पोरांच्या शाळा बदलल्या. १९६७ साली या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि घराघरांत जेवणाच्या ताटावर अजून तोच विषय निघतो. याहून खरी गोष्ट कोणती दाखवावी? यल्लम्माला मात्र या रेषेचं काही पडलेलं नाही. कोल्हापूर-सांगलीकडनं भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गाड्या ‘उदं गं आई उदं’ करत सौंदत्तीच्या डोंगरावर येतात, आणि वर कन्नड आणि मराठी एकाच रांगेत एकमेकांना कोपर मारत दर्शन घेतात.

तरी एक फरक आहेच. रेषा कुणी ओढली ते माहीत असतं, म्हणून तिच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. देवीच्या नावावर घातलेल्या गोष्टीचा करणारा सापडत नाही. पोरीच्या केसात जट आली की ते देवीचं बोलावणं समजायचे आणि पोर देवीला सोडायचे. ‘देवीनं मागितली’ म्हटल्यावर बापाला, गावाला, तिच्या जिवावर चैन करणाऱ्याला जाब कोण विचारणार? कर्नाटकानं १९८२ साली देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कायदा केला. जट म्हणजे केसांचा गुंता, तो कात्रीनं कापला तरी देवी कोपत नाही, हे कार्यकर्त्यांना दारोदार जाऊन सांगावं लागलं, कापून दाखवावं लागलं. इथं मला अस्वल, कबूतर, पाकळी काही आठवत नाही. हे माणसानं केलं, आणि गरिबाच्या, बहुतेक वेळा दलिताच्या, लेकीला केलं. त्याचा दोष यल्लम्मावर ढकलायला मी तयार नाही. ती असली तरी आणि नसली तरी.

गुरवमामांपाशी हा विषय काढला, तर ते माझ्याच बाजूचे निघाले. ‘असलं कौलाला लावायचं नसतंय,’ म्हणाले.

‘का? देव नको म्हणेल म्हणून?’

‘न्हवं. होय म्हटला तर आपण काय करायचं?’

त्यावर त्यांनी पान लावलं आणि यात्रेचं बोलायला लागले. आमच्या गावची लक्ष्मी यात्रा पुढच्या साली आहे. म्हणजे असावी; देवीचा कौल अजून घ्यायचाय. पंच कमिटीनं पावती पुस्तकं छापून घेतलीत, मांडववाल्याला ॲडव्हान्स पोचलाय, आणि आमच्या घरची वर्गणी भावानं मला न विचारता लिहूनही टाकलीय.