ब्लॉक सगळ्यांना दिसतो, तरी म्यूट का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ब्लूस्काय या समाजमाध्यमावरच्या ओळखीतल्या लोकांचा हा नेहमीचा प्रश्न: ‘तुम्ही कोणाकोणाला ब्लॉक केलंय ते तिथे कोणालाही बघता येतं. मग वाईटपणा कशाला घेता? गुपचूप म्यूट करून टाका की!’

म्यूट मी करून बघितलं होतं. मागच्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी थोडं लिहिलं, तर एका अनोळखी माणसाने खाली येऊन त्यांच्या आजारपणाची टिंगल सुरू केली. मी त्याला म्यूट करून झोपले. रात्री दोनला धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘ताई, हा कोण गं? अजून लिहितोय.’ दिसायचं बंद झालं होतं ते फक्त मला. तिला सगळं दिसत होतं, आत्याला दिसत होतं. तिथल्या तिथे ब्लॉक केलं. ब्लॉक दोन्ही बाजूंनी लागतो, आणि त्याची उत्तरं माझ्या पोस्टखालून बाकीच्यांसाठीही हटतात. मला तेच हवं होतं.

ब्लॉक जगाला दिसतो, कारण तिथली रचनाच तशी आहे. पोस्ट, लाइक, फॉलो यांच्यासारखी ब्लॉकचीही नोंद तुमच्या खात्याच्या उघड्या वहीत होते. वेगवेगळे सर्व्हर आणि अ‍ॅप ती वही वाचतात. कोणाला कोणापासून लपवायचं हे त्यांना कळलंच नाही तर ते ब्लॉक पाळणार कसा? म्यूट माझ्यापुरतं असतं, म्हणून खासगी राहतं. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, नोव्हेंबर 2024 पासून ब्लॉक केलेल्या माणसालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. हा बदल येणार असं ऑक्टोबरात कळलं, तेव्हा एका दिवसात 5 लाख नवे लोक आल्याचं ब्लूस्कायने सांगितलं होतं. मी त्याच सुमारास आले.

त्या रात्रीच्या ब्लॉकची माझी नोंद मी एकदा उघडून पाहिली. समोरच्या खात्याची लांबलचक खूण आणि वेळ, बस. 20:41, ग्रीनिचची, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे 2:11. कारण लिहायला जागाच नाही. मनाला लागतं ते हे. कोणाला किती जणांनी ब्लॉक केलं याची मोजदाद होते, ‘हिने अमक्याला ब्लॉक केलं’ असे स्क्रीनशॉट फिरतात. त्रास देणारा आणि त्रासाला कंटाळून दार लावून घेणारी, दोघंही त्यात नुसते आकडे होतात. यंत्रणेच्या गरजेपोटी उघडी राहिलेली नोंद चव्हाट्यावर आणून जाब विचारणं चूक आहे, आणि तसं विचारणाऱ्यांना मी ते तोंडावर सांगितलंय. जिच्या मागावर खरंच कोणी आहे, तिला मात्र मी ब्लॉक करण्याआधी दहादा विचार कर म्हणेन. तिचा ब्लॉकही त्याला दिसणारच.

अनब्लॉक केलं की नोंद निघून जाते. माझी ती 2:11 ची मी काढलेली नाही. तुम्हाला ती दिसली असेल, तर तिच्यात न मावलेलं कारण हे.