पंधरा लाख, एक कौलारू घर आणि राजापूर तालुका

आमचं बजेट पंधरा लाख. त्यात घर, वकील, रजिस्ट्रेशन, दुरुस्ती सगळं आलं, आणि नवऱ्याच्या हट्टाखातर पितळी कड्यांचा झोपाळा पण. डोंबिवलीत या पैशात काय येतं ते सांगत नाही, तुम्हाला माहितीच आहे. पण कोकणात म्हणे अजून जुनी घरं पडून आहेत, मालक मुंबईला, दाराला कुलूप, कोणी घेतलं तर बरंच होईल असं म्हणणारे. त्यात मोबाईलवर ती इटलीतली एक युरोची घरं सारखी समोर येतात. सिसिलीतल्या सांबुका गावाने 2019 मध्ये काढली होती ती. एक युरो ही नुसती लिलावाची सुरुवात, वर तीन वर्षांत घर दुरुस्त करायची अट आणि पाच हजार युरो डिपॉझिट, पण हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. मी नवऱ्याला म्हटलं सिसिली राहू दे, राजापूरला जाऊन येऊ.

राजापूरच का, तर अलिबाग-मुरूडचं नाव आम्ही काढत पण नाही, गुहागर-दापोली हाताबाहेर गेलंय, मालवण-तारकर्लीला होमस्टेवाल्यांनी भाव चढवून ठेवलेत. राजापूर या सगळ्यांच्या मधल्यामध्ये. आणि मला ते जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, आवडतात, उन्हाळ्यात भकास आणि पावसाळ्यानंतर रानफुलांनी भरलेले. कशेळीच्या सड्यावर त्याच जांभ्यात कोणीतरी कधीकाळी अख्खा हत्ती कोरून ठेवलाय, आत बाकीचे प्राणी आणि मासे. युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत ही कातळशिल्पं. घर नाही मिळालं तर निदान हत्ती बघून येऊ, असा हिशेब.

तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री सुटते आणि सकाळी राजापूर रोडला सोडते. स्टेशनच्या नावात रोड असला की समजायचं गाव लांब आहे. बाहेर तात्या उभे होते, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाचे मामा, जमिनीची कामं करतात पण स्वतःला एजंट म्हणवून घेत नाहीत. सोबत सुतारकाका, सत्तरीचे, हातात एक छोटी हातोडी. मला वाटलं कुठूनतरी कामावरून आले असतील. तर नाही, तात्यांनी मुद्दाम आणलेलं. "घर मालक दाखवतो वहिनी, पण घराची तब्येत सुतार सांगतो," तात्या म्हणाले.

पहिलं घर पाचलच्या पुढे, अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याकडे. किंमत चार लाख, ऐकूनच आम्ही खूश. रस्त्यावर गाडी लावली आणि पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरायला लागलो. उतरतोय, उतरतोय, शंभरेक पायऱ्या झाल्या तरी घर नाही. नवरा म्हणाला काय शांतता आहे यार. सुतारकाका म्हणाले, "सिमेंटच्या गोनी हिकडनंच येनार, डोक्यावरनं." तिथेच चार लाखांचं गणित थोडं हललं. रस्ता लागत नाही म्हणून घर स्वस्त, आणि रस्ता लागत नाही म्हणूनच दुरुस्ती दुप्पट. चिरे (जांभ्याचे कापलेले दगड), वाळू, कौलं, सगळ्याला मजुरी वेगळी.

खाली जाऊन बघतो तर छप्पर माजघरावर बसलेलं. भिंतींचा खालचा भाग चिऱ्याचा, वरचा मातीचा, आणि मातीचा भाग पावसाने विरघळून ढीग झालेला. चौथरा मात्र ठणठणीत, कोपऱ्यातून पिंपळ आलेला तेवढा सोडून. मी विचारलं किती वर्षं बंद आहे, मला वाटलं तीस तरी. तात्या म्हणाले म्हातारी गेली त्याला सहा-सात पावसाळे झाले असतील.

सहा-सात पावसाळे! एवढंच!

मग सुतारकाकांनी चौथऱ्यावर बसून जे सांगितलं ते मला त्या सगळ्या फिरण्यात सगळ्यात मोलाचं वाटलं. घर पडायची सुरुवात चूल विझते तिथून होते. चुलीचा धूर रोज वर माळ्यावर जायचा, वाशांना आणि कौलांखालच्या पट्ट्यांना, म्हणजे रिपांना, लागायचा, त्यामुळे कीड नि वाळवी लांब राहायची, लाकूड कोरडं राहायचं. माणूस गेलं की धूर बंद. मग माकडं येतात, एक कौल सरकतं. घरात कोणी असतं तर पहिल्या पावसात थेंब पडल्यावर लगेच काठीने कौल सारखं केलं असतं, दोन मिनिटांचं काम. कोणी नाही म्हणून ते पाणी पूर्ण चार महिने एकाच वाशावर पडतं. वासा कुजला की शेजारची दहा कौलं खाली, मग पाणी थेट मातीच्या भिंतीवर, आणि कोकणातला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे, मातीची भिंत किती टिकणार. म्हणून पूर्वी दरवर्षी पावसाआधी कौलं परतून, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवून, घ्यायचेच, पैसे नसले तरी. आता परतणारी माणसंच मिळत नाहीत आणि माकडांना कंटाळून अर्ध्या गावाने पत्रे घातलेत, निळे, हिरवे. मी आधी त्या पत्र्यांना नाकं मुरडायची, आता नाही मुरडत. पुण्यामुंबईहून येऊन दुसऱ्याच्या कौलांचं कौतुक करणं सोपं आहे.

दुसऱ्या घराबद्दल फार लिहीत नाही. ओणीच्या जवळ, हायवेला जवळ, अकरा लाख. पुढचा अर्धा भाग पाडून स्लॅब टाकलेला, टाईल्स, मागे जुनं माजघर तसंच, मातीच्या भिंतींना वरून सिमेंटचं प्लास्टर. ते प्लास्टर फुगून पापुद्रे पडत होते कारण आतली माती ओल ओढते आणि सिमेंट ती बाहेर पडू देत नाही. सुतारकाका आतच आले नाहीत, अंगणातूनच हात हलवला.

राजापुरात जेवलो. जवाहर चौकात एका दुकानदाराने पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं, अर्जुना आणि कोदवली दोन्ही एकदम भरल्या की बाजारपेठेत होडी. तो म्हणाला घर घ्या पण वरती घ्या. फुकटचा सल्ला होता पण लक्षात ठेवलाय.

दुपारनंतर आडिवऱ्याकडे निघालो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो तर बाकावरच्या आजोबांनी पहिलाच प्रश्न टाकला, जमीन बघताय की काय, कुठल्या कंपनीकडनं? त्यांचं चुकलं नाही. आधी जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, मग नाणारची रिफायनरी, ती 2019 मध्ये रद्द झाली तर मग बारसू, तिथे 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी केवढं आंदोलन झालं. इतक्या वर्षांत बाहेरून येऊन सातबारा विचारणारा माणूस म्हणजे कोणाचातरी दलाल, असं लोकांच्या डोक्यात बसलंय, आणि बऱ्याच वेळा तसं होतंही. तात्यांनी मध्ये पडून सांगितलं की नाही हो, यांना राहायला घर हवंय. आजोबा आमच्याकडे जरा वेळ बघत राहिले. "राहायला?" मग म्हणाले, "आमची पोरं तर हितनं जायला बघत्यात."

तिसरं घर. आता इथे मी जरा वाहवत जाणार आहे, आधीच सांगते.

आडिवऱ्याच्या अलीकडे एक वाडी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. रस्त्यापासून चार पावलांवर चिऱ्याचा गडगा म्हणजे कुंपणाची भिंत, आत खळं म्हणजे अंगण, तुळस, आणि चौपाखी घर. पुढे लांबलचक ओटी, तिला लाकडी गज, मग माजघर, एका बाजूला देवघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे पडवी, परसात विहीर, दोन फणस, एक रातांबा. माजघरात पाऊल टाकलं आणि मे महिन्यात अंगावर गार हवा. बाजूच्या घरातल्या काकू किल्ली घेऊन आलेल्या, त्या आठवड्यातून एकदा केर काढतात, दिवा लावतात. घर का उभं आहे ते कळलं ना? त्या काकूंमुळे. "वाईच च्या टाकते," म्हणून त्या गेल्या आणि सुतारकाकांनी हातोडी काढली.

प्रत्येक वाशावर टकटक. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा भोंगळ, हे मला पण पाचव्या-सहाव्या वाशानंतर कळायला लागलं. खांब फणसाचे, आढं सागाचं, वासे किंजळीचे. पश्चिमेकडचे सात-आठ वासे गेलेले, झड तिकडूनच येते. बाकी ठीक. काकांचं म्हणणं, कुजलेले बदला, सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचं काळं तेल पाजा, रिपा मात्र झाडून सगळ्या नव्या घाला. कौलं मंगलोरी, त्यांनी एक काढून हातात दिलं, चांगलं जड. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये पहिला कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली, त्याआधी कुंभाराचे नळे असायचे. काका म्हणाले ही कौलं धुवून परत घाला, नवीन विकत घेऊ नका, आता असली भाजतच नाहीत.

मग एक गोष्ट हळूच सांगितली. या घरावर अजून एक गिऱ्हाईक आहे, त्याला घर नकोच आहे. त्याला खांब, दारं, तुळया आणि ओटीचे गज हवेत. उतरवून गोव्याला, मुंबईला हॉटेलांना विकतो. उभ्या घरापेक्षा उतरवलेल्या घराला कधीकधी जास्त पैसे मिळतात. मला हे ऐकून खरंच राग आला, कोणावर ते माहीत नाही.

किंमत नऊ लाख. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि तात्यांनी बॅगेतून सातबारा काढला.

बेचाळीस नावं.

कोकणात हे असंच असतं म्हणे. पणजोबांच्या नावावरची जमीन, वाटप कधी झालंच नाही, दर पिढीला वारस नोंद होत गेली, मुली, सुना, नातवंडं, काही नालासोपाऱ्याला, काही बदलापूरला, एक दुबईत, तिघं वारलेले पण नाव तसंच. हातात असतो तो ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा, त्यावर मात्र एकच नाव, आणि गावातले लोक तोच मालकीचा कागद समजून दाखवतात. तो घरपट्टीचा कागद आहे. घरपट्टी भरणारा म्हणजे मालक असं नाही, आणि घराखालची जमीन कोणाची हे त्यातून कळतच नाही. इथली कितीतरी घरं गावठाणात नाहीतच, वाडीत आपापल्या शेतजमिनीत उभी आहेत. म्हणजे मग कुळकायद्याचं कलम 63, शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही. आमच्या सासऱ्यांची माण तालुक्यात जमीन आहे, दुष्काळी, वर्षातनं एकदा बाजरी, पण तिच्यामुळे आम्ही निदान रांगेत तरी उभे आहोत. तिला इतकी वर्षं आम्ही नावं ठेवली. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुळाचं नाव आहे का तेही बघायचं, मग वकिलाकडून तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च, पेपरात जाहीर नोटीस, आणि बेचाळीस जणांच्या सह्या किंवा हक्कसोड. तात्या म्हणाले, "वहिनी, भिंती नऊ लाखाच्या आहेत, सह्यांचा भाव अजून कोणी सांगितलेला नाही."

रात्री लॉजवर वहीत हिशेब मांडला. घर नऊ, छप्पर तीन ते साडेतीन, वायरिंग, एक धड संडास-बाथरूम, विहिरीवर पंप, स्टॅम्प ड्यूटी (माझ्या नावावर घेतलं तर बायकांना एक टक्का सूट, म्हणून मीच मालकीण, हे ठरलेलं), रजिस्ट्रेशन, वकील. सतरा. झोपाळा काढून साडेसोळा. नवरा म्हणाला झोपाळा पन्नास हजारांचा कसा, मी म्हटलं तूच कडी पितळी सांगितलीस.

दुसऱ्या दिवशी हत्ती बघितला, कनकादित्याचं दर्शन घेतलं, आणि निघायच्या आधी परत त्या घरी गेलो कारण त्या बेचाळीस जणांतले बदलापूरचे सगळ्यात मोठे भाऊ योगायोगाने गावाला आलेले. ओटीवर बसून बोलणं झालं. म्हणाले सह्या मी आणतो, माझा शब्द कोणी मोडत नाही, थोडा वेळ द्या. आणि मग अट घातली. या माजघरात सगळ्या भावकीचा गणपती येतो, त्यांच्या आज्याच्या आधीपासून. घर तुम्ही घ्या, रंगवा, राहा, पण भाद्रपदात पाच दिवस माजघर आम्हाला. आम्ही वीस-पंचवीस जण येणार, भजनं होणार, तुम्ही पण थांबा, जेवायला आमच्यातच.

वकिलाला फोन केला तर तो हसायलाच लागला, म्हणाला खरेदीखतात असलं लिहिलं तर उद्या विकायचं झालं की तीच अट नडेल, तोंडी ठेवा. नवऱ्याला भीती वाटते की पाच दिवसांचे पुढे पंधरा होतील, मग शिमगा, मग कोणाचं तरी लग्न. मला, खरं सांगू, त्या अटीमुळेच घर जास्त आवडलं. वर्षातून एकदा पंचवीस माणसं त्या घरात राहणार असतील तर गळणारं कौल कोणाच्यातरी डोक्यावर गळेल आणि तो वर चढेल. आणि आम्ही दोघं सणावाराला तिथे एकटे बसून करणार तरी काय होतो?

अजून काही दिलेलं नाही, टोकन पण नाही. सुतारकाका म्हणाले घर मे महिन्यात सगळ्यांनाच आवडतं, जुलैत येऊन बघा, पावसात, रात्री मुक्काम करा त्या माजघरात, कुठे कुठे भांडी मांडायला लागतात ते मोजा आणि मग नऊचे किती करायचे ते बोला. तुतारीचं जुलैचं बुकिंग केलंय. वेटिंग आहे.